कमांड लाइन आणि स्क्रिप्टिंग फुकटात शिका : खान्देशातल्या नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कमांड लाइन म्हणजे माउसऐवजी कमांड टाइप करून संगणकाकडून काम करून घेणं, आणि अशा कमांड फाइलीत लिहून एकदम चालवणं म्हणजे स्क्रिप्टिंग. हे शिकायला फी लागत नाही. मराठीतले व्हिडिओ आहेत, पुस्तक मोकळं आहे, सरावासाठी सर्व्हरही मोकळा आहे. तरी जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कितीतरी मुलं पुण्याला जाऊन लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा हजारो रुपयांचा क्लास लावतात. याचं कारण एकच. नेटवर इतकं काही एकदम समोर येतं की सुरुवात कुठून करावी तेच उमगत नाही. दहा ठिकाणच्या लिंक साठवल्या जातात आणि प्रत्येक ठिकाणचे पहिले दोन धडे तेवढे होतात. म्हणून या लेखात मोजकीच साधनं घेतली आहेत, ती कोणत्या क्रमाने वापरायची ते दिलं आहे आणि कुठे गाडी अडते तेही सांगितलं आहे.

बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटरला असाल, आयटीआयचा कोपा ट्रेड केला असेल, एमएससीआयटी झाली असेल, किंवा जिनिंगच्या ऑफिसात दिवसभर एक्सेलवर बसत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. प्रोग्रामिंग आधी येत असण्याची गरज नाही.

एक सूचना आधीच. कमांड टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) इंग्रजी अक्षरांतच, तीही लहान लिपीत, टाइप होतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, आणि उच्चारावरून स्पेलिंग कळणार नाही तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

१. सुरुवातीला काय जवळ हवं

- संगणक किंवा लॅपटॉप. ८ जीबी रॅम असेल तर निवांत काम होतं, ४ जीबीतही भागतं. डिस्कवर १५-२० जीबी जागा मोकळी ठेवा.
- संगणक नसेल तर ॲन्ड्रॉइड फोन आणि ओटीजीने जोडता येणारा साधा कीबोर्ड.
- ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, पण फक्त जुन्या मशिनवर लिनक्स टाकायचं असेल तर.
- चालू असलेला ईमेल पत्ता.
- वही. प्रत्येक नवी कमांड, तिचा एक वापर आणि आलेली एक चूक हाताने लिहा. लाइट गेली तरी वही उघडी राहते.

कागदपत्रं लागत नाहीत. पुढे परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं तरच ओळखपत्र आणि फोटोचा प्रश्न येतो. त्याची आज घाई नको.

२. आधी टर्मिनल मिळवा

*विंडोजचं मशिन असेल तर.* विंडोज १० ची २००४ ही आवृत्ती किंवा तिच्या पुढची, नाहीतर विंडोज ११ हवं. स्टार्टमध्ये 'विनव्हर' टाइप केलं की आवृत्ती दिसते. मग पॉवरशेल 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) ही तीन अक्षरं लिहा, एक जागा सोडा, दोन डॅश आणि त्यांना चिकटून इन्स्टॉल हा शब्द टाका. उबंटू हे लिनक्स उतरतं, मशिन रीस्टार्ट करावं लागतं, मग नवं नाव आणि पासवर्ड मागितला जातो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. टाइप करा आणि एंटर दाबा.

इथे बहुतेकांची गाडी व्हर्च्युअलायझेशनवर अडते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. तिथे व्हर्च्युअलायझेशनसमोर 'डिसेबल्ड' दिसलं तर बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करावं लागतं. इंटेलच्या मशिनवर ते व्हीटी नावाने सापडतं, एएमडीच्या मशिनवर एसव्हीएम नावाने. ४ जीबी रॅमवर हे सगळं जड जात असेल तर 'गिट फॉर विंडोज' टाका. त्याच्यासोबत गिट बॅश येतं. त्यात मॅन पानं (कमांडची मदतपानं) नसतात, पण पहिल्या महिन्याच्या अभ्यासाला ते पुरतं.

उबंटू सुरू झालं की काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच करा. विंडोजची सी ड्राइव्ह आतून दिसते, पण तिथे ठेवलेल्या फाइलींवर काम मंद चालतं आणि परवानग्यांचा गोंधळ होतो.

*जुना संगणक पडून असेल तर.* ६४ बिट मशिन असेल तर लुबंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उतरवा, व्हेंटॉय किंवा रूफसने पेन ड्राइव्हवर चढवा आणि आधी 'ट्राय' पर्यायाने नुसतं चालवून बघा. वायफाय आणि आवाज चालतोय याची खात्री झाल्यावरच इन्स्टॉल करा. 'इरेज डिस्क' हा पर्याय खरोखरच सगळी डिस्क पुसतो. घरातले लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, जे काही असेल ते आधी दुसरीकडे कॉपी करा.

*फोनच असेल तर.* टर्मक्स हे ॲप एफ-ड्रॉइडवरून घ्या, प्ले स्टोअरवरून नको. दोन्हीकडची आवृत्ती सारखी नसते आणि पॅकेज टाकताना त्रास होतो. पहिली कमांड 'पीकेजी अपडेट'. कीबोर्ड जोडलेला नसेल तेव्हा आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं. टर्मक्समधल्या फोल्डरांची रचना साध्या लिनक्सपेक्षा वेगळी असते. त्यामुळे पुस्तकातली स्क्रिप्ट जशीच्या तशी चालली नाही तर चूक तुमचीच आहे असं धरून बसू नका.

३. पहिले दोन दिवस बोटांसाठी

कोणताही कोर्स उघडण्याआधी एवढं हातात बसवा. पीडब्ल्यूडी म्हणजे आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत. एलएस म्हणजे इथे काय काय आहे. सीडी म्हणजे दुसरीकडे जाणं. एम-के-डी-आय-आर ने फोल्डर तयार होतो, सीपी ने कॉपी होते, एमव्ही ने फाइल हलते किंवा तिचं नाव बदलतं. लेस ने फाइल पान-पान वाचता येते, आणि क्यू दाबलं की बाहेर येता येतं.

याहून जास्त कामाची आहे ती टॅबची कळ. नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करा आणि टॅब दाबा, उरलेलं शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) पूर्ण करतो. पूर्ण झालं नाही तर नाव चुकलंय किंवा तुम्ही चुकीच्या जागी आहात, हे तिथल्या तिथे कळतं. टॅब न वापरता शिकणाऱ्याचा बराच वेळ टायपिंगच्या चुका शोधण्यात जातो. वरचा बाण मागची कमांड आणतो. कंट्रोल आणि आर दाबून जुन्या कमांडमध्ये शोध घेता येतो.

कंट्रोल-सी ने चालू काम थांबतं, म्हणून कॉपी करायला कंट्रोल-शिफ्ट-सी लागतं. सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलं की पडदा गोठतो आणि नवशिके खिडकी बंद करून टाकतात. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं पूर्ववत होतं.

४. पहिला कोर्स मराठीतच करा

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, बॅश (लिनक्सवरचा नेहमीचा शेल), पायथन अशा विषयांचे छोटे व्हिडिओ तयार केले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच व्हिडिओंना मराठी आवाज आहे. एक व्हिडिओ साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावरचे शब्द इंग्रजीत, समजावणं मराठीत. नवशिक्याला हेच जोडकाम हवं असतं. टर्मिनल शेवटी इंग्रजीतच राहणार, पण एखादी गोष्ट का होते ते आपल्या भाषेत एकदा कळलं की पक्कं बसतं.

साइटवर विषय 'लिनक्स' आणि भाषा 'मराठी' निवडा. हा क्रम धरा: बेसिक कमांड्स, फाइल सिस्टिम, साध्या फाइलींवरचं काम, फाइलींच्या परवानग्या, रिडायरेक्शन आणि पाइप, प्रोसेस, साधे फिल्टर, ग्रेप. तिथे थांबा. सेड (मजकूर बदलणारी कमांड) आणि ऑक (स्तंभांवर काम करणारी कमांड) यांचे धडे सध्या बाजूला ठेवा आणि 'बॅश' हा वेगळा विषय उघडा. व्हेरिएबल, इफ, लूप एवढं झाल्यावर सेड-ऑककडे परत या.

पद्धत त्यांनीच सांगितली आहे ती पाळा. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर टर्मिनल. एक कमांड दिसली की व्हिडिओ थांबवा, स्वतः टाइप करा, तेच उत्तर आलं का पाहा, मग पुढे. झोपून फोनवर पाहिलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

अडचणी दोन येतात. व्हिडिओ जुन्या उबंटूवर रेकॉर्ड झालेले आहेत, त्यामुळे खिडक्या आणि मेनू तुमच्या पडद्यासारखे दिसणार नाहीत. कमांड मात्र त्याच आहेत, तिकडेच लक्ष ठेवा. व्हिडिओत जीएडिट नावाचा एडिटर उघडला आणि तुमच्याकडे तो नसेल तर नॅनो वापरा. दुसरी अडचण नेटची. तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडे रेंज कायम मिळेल याची खात्री नसते. शहरात किंवा कॉलेजात आलात की आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घ्या. व्हिडिओसोबत लिखित संहिताही असते. ती वाचायला नेट नावापुरतंच लागतं.

तुमच्या कॉलेजात या प्रकल्पाचं काम चालतं का, ते विभागप्रमुखांना विचारा. चालत असेल तर कॉलेजमार्फत परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं.

५. मग एकच पुस्तक आणि एकच कार्यशाळा

पुस्तक घ्यायचं ते विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन'. छापील प्रत विकत मिळते, पण लेखकाने पीडीएफ आपल्या साइटवर मोफत ठेवली आहे. चोरीच्या प्रती शोधत फिरायची गरज नाही. पाचशेहून जास्त पानं आहेत, म्हणून सलग वाचायला बसू नका. पहिला भाग पूर्ण करा. दुसऱ्या भागातलं एडिटरचं प्रकरण वाचा, बाकीचं नंतर. तिसऱ्या भागातून फाइल शोधणं, रेग्युलर एक्स्प्रेशन आणि मजकुरावर प्रक्रिया ही प्रकरणं घ्या. चौथा भाग स्क्रिप्टिंगचा आहे, तो पुन्हा पहिल्या पानापासून. इंग्रजी सोपं आहे. एखादं वाक्य अडलं तर आधी त्यातली कमांड चालवून पाहा. बहुतेक वेळा उत्तर पाहूनच वाक्य उलगडतं.

ज्यांचा रोजचा संबंध आकड्यांच्या फाइलींशी आहे, त्यांच्यासाठी 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री'चा 'द युनिक्स शेल' हा धडा पुस्तकाआधी केला तरी चालेल. तो संशोधकांसाठी तयार झाला आहे. सरावाची झिप फाइल सोबत मिळते आणि पाइप, लूप, स्क्रिप्ट हे सगळं त्याच फाइलींवर करून घेतात. दोन रविवारांत आटोपतो.

व्याख्यान ऐकून शिकायची सवय असेल तर आयआयटी मद्रासच्या बीएस पदवीतल्या 'सिस्टिम कमांड्स' विषयाचे व्हिडिओ यूट्यूबवर मोकळे आहेत. एमआयटीचा 'मिसिंग सेमिस्टर' चांगलाच आहे, पण वेग जास्त आहे. बॅशच्या स्क्रिप्ट लिहिता यायला लागल्यावर तो पाहा. शोधताना 'ॲडव्हान्स्ड बॅश-स्क्रिप्टिंग गाइड' हेही पुढ्यात येईल. उदाहरणांचा खजिना आहे, पण २०१४ नंतर त्यात सुधारणा झालेली नाही आणि काही सवयी आज चुकीच्या मानल्या जातात. पहिलं पुस्तक म्हणून ते नको.

६. मदत मशिनमध्येच आहे

मॅन, मग जागा, मग कमांडचं नाव. पान उघडलं की तिरकी रेघ (/) दाबून शब्द शोधा, एन दाबून पुढचा, क्यू दाबून बाहेर. पूर्ण पान वाचायचं नसतं. वरची दोन ओळींची ओळख आणि आपल्याला हवा तो पर्याय, बस. सीडीचं मॅन पान सहसा सापडत नाही, कारण ती शेलच्या पोटातली कमांड आहे. तिच्यासाठी 'हेल्प सीडी'. एखादी कमांड कोणत्या प्रकारातली ते 'टाइप' ही कमांड सांगते.

मॅन पान फार कोरडं वाटलं तर टीएलडीआर पानं पाहा. प्रत्येक कमांडची पाच-सात रोजच्या वापराची उदाहरणं, एवढंच त्यात असतं. नेटवरून किंवा एआयकडून एखादी लांबलचक कमांड मिळाली तर चालवण्याआधी 'एक्स्प्लेनशेल' साइटवर टाका. तिचा प्रत्येक तुकडा वेगळा करून ती अर्थ सांगते. सुडो (ॲडमिनच्या हक्काने चालवणारी) किंवा आरएम (फाइल पुसणारी) असलेली कमांड तर समजल्याशिवाय चालवायचीच नाही.

७. सराव : बँडिट

'ओव्हरदवायर'चा बँडिट हा खेळ नवशिक्यांसाठीच बनवला आहे. दूरच्या सर्व्हरवर एसएसएच ने शिरायचं, पुढच्या पातळीचा पासवर्ड तिथल्याच कुठल्यातरी फाइलीत दडलेला असतो, तो शोधायचा आणि पुढे जायचं. सर्व्हरचा पत्ता बँडिट डॉट लॅब्ज डॉट ओव्हरदवायर डॉट ओआरजी, पोर्ट २२२०. पहिलं वापरकर्तानाव बँडिट आणि त्याला चिकटून शून्य, पासवर्डही तोच. पोर्ट सांगायला डॅश आणि लहान पी. पहिल्यांदा जोडताना ओळख पटवण्याचा प्रश्न येतो, तिथे 'येस' हा पूर्ण शब्द टाइप करावा लागतो, नुसतं वाय चालत नाही.

सुरुवातीच्या पातळ्यांतच खरी शिकवण आहे. एका फाइलीचं नाव नुसतं डॅश आहे. कॅट (फाइलीतला मजकूर दाखवणारी कमांड) आणि डॅश टाइप केलं की कमांड गप्प बसून राहते, कारण डॅशचा अर्थ ती 'कीबोर्डवरून वाच' असा घेते. नावाआधी बिंदू आणि तिरकी रेघ जोडली की फाइल उघडते. पुढच्या पातळीवर नावात मोकळ्या जागा आहेत, तिथे अवतरणचिन्हं का लागतात ते कळतं. ऑफिसातल्या 'नवीन यादी अंतिम २' असल्या नावांच्या फाइलींशी पुढे रोजच गाठ पडणार आहे, तेव्हा हे दोन धडे आठवतील.

कॉलेजच्या वायफायवर जोडणी होत नसेल तर पोर्ट अडवलेला असू शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून पाहा. सापडलेला प्रत्येक पासवर्ड वहीत किंवा फाइलीत लिहून ठेवा, तुम्ही कुठवर आलात हे सर्व्हर लक्षात ठेवत नाही. आणि यूट्यूबवरची उत्तरं पाहू नका. एका पातळीवर दोन दिवस अडलात तरी ते दोन दिवस कामी येतात. बारा पातळ्या झाल्या की स्क्रिप्ट लिहायला बसा, बाकीच्या सावकाश करा.

८. स्वतःच्या फाइलीवर स्क्रिप्ट लिहा

इथपर्यंत आलेले बरेच जण इथेच थांबतात, कारण धड्यातली फाइल नेहमी स्वच्छ असते आणि आपली नसते. म्हणून आपल्याच भागातली फाइल घ्या. समजा रावेर-यावलकडच्या केळीच्या खरेदीची सीएसव्ही (स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे केलेली साधी फाइल) आहे: तारीख, गाव, क्विंटल, भाव असे चार स्तंभ. काढायचं काय, तर गावनिहाय एकूण क्विंटल.

मूळ फाइलीची कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा. हेड ने पहिल्या दहा ओळी पाहा. कट ला स्वल्पविराम हे विभाजक आणि दुसरा स्तंभ सांगा, उत्तर पाइपने (उभी रेघ |) सॉर्टकडे पाठवा आणि तिथून यू-एन-आय-क्यू कडे, त्याला डॅश-सी हा पर्याय द्या. कोणत्या गावाच्या किती पावत्या ते समोर येतं. मधला सॉर्ट वगळू नका. यू-एन-आय-क्यू फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करते, त्यामुळे सॉर्टशिवाय फैजपूर पाच वेळा वेगवेगळं दिसेल. याच यादीत सावदा दोनदा दिसलं तर एका ठिकाणी नावामागे मोकळी जागा राहिली आहे असं समजा. पुढच्या बेरजेआधी ते इथेच सापडलेलं बरं.

आकड्यांच्या क्रमाने लावायचं असेल तर सॉर्टला डॅश-एन हवं. नाहीतर तो आकडे शब्दांसारखे लावतो आणि १२०० हे ९०० च्या आधी येतं. बेरीज ऑक, म्हणजे ए-डब्ल्यू-के, करून देतो. त्याला स्वल्पविराम हे विभाजक द्या, दुसऱ्या स्तंभाच्या नावाने एक खण धरा, तिसरा स्तंभ त्या खणात मिळवत जा आणि शेवटी सगळे खण छापा. प्रोग्राम एका ओळीचा आहे. आता मराठी फाइलीच्या अडचणी, ज्या इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत:

*देवनागरी आकडे.* फाइलीत क्विंटल देवनागरीत लिहिले असतील तर ऑकला ते आकडे वाटतच नाहीत. बेरीज शून्य येते आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. सेडची वाय ही क्रिया वापरून देवनागरी दहा अंकांच्या जागी इंग्रजी दहा अंक आधी बदलून घ्या. दोन्ही याद्यांची लांबी वेगळी असल्याची तक्रार सेडने केली तर तुमचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) नाही, ते आधी ठीक करा.

*हजारांचा स्वल्पविराम.* १,२५० असा आकडा सीएसव्हीत असला की ऑक त्याचे दोन स्तंभ करतो. एक्सेलमधूनच आकड्यांचं स्वरूप साधं करून फाइल काढा.

*एक्सेलमधून जतन करणं.* नुसत्या 'सीएसव्ही' पर्यायाने जतन केलं तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत मिळत नाहीत. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. त्यातही फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट जोडले जातात, त्यामुळे पहिल्या स्तंभाचं शीर्षक डोळ्यांना बरोबर दिसूनही तुलनेत जुळत नाही.

*जुने फॉन्ट.* श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या याद्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत युनिकोड नसतं. ग्रेपला 'चोपडा' शोधायला सांगितलं तर काहीच सापडणार नाही. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला.

*लांबी.* एको (मजकूर छापणारी कमांड) ने 'केळी' लिहून पाइपने डब्ल्यूसी (मोजणारी कमांड) डॅश-सी कडे पाठवा, उत्तर १३ येतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. क, एकार, ळ आणि दीर्घ ई मिळून १२, आणि ओळ संपल्याचा १. डॅश-एम दिलं की चिन्हं मोजली जातात आणि उत्तर ५ येतं. उबंटूवर ऑकच्या नावाने सहसा 'मॉक' बसलेला असतो, तो लांबी बाइटमध्ये सांगतो. मराठी मजकुराचं काम असेल तर 'जीऑक' टाकून घ्या.

*नोटपॅड.* विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह राहतं. मग लिनक्स सांगतो की इंटरप्रीटर सापडला नाही, आणि पहिली ओळ तर अगदी बरोबर दिसत असते. 'फाइल' ही कमांड चालवा, तिने सीआरएलएफ असं सांगितलं तर 'डॉस-टू-युनिक्स' चालवा. त्यात 'टू'च्या जागी इंग्रजी २ हा अंक असतो.

एका ओळीचं उत्तर बरोबर आलं की तीच ओळ फाइलीत ठेवा. वर पहिली ओळ हॅश, उद्गारचिन्ह आणि बॅशचा पत्ता अशी हवी. सीएचमोडने चालवण्याची परवानगी द्या आणि बिंदू, तिरकी रेघ, नाव असं लिहून चालवा. 'एसएच' आणि मग नाव असं चालवू नका. उबंटूत एसएच म्हणजे 'डॅश' नावाचा वेगळा शेल आहे आणि बॅशच्या काही सोयी त्यात नाहीत.

९. प्रत्येक स्क्रिप्ट शेलचेकमधून काढा

'शेलचेक' हे मोफत साधन स्क्रिप्ट वाचतं आणि कुठे घसराल ते ओळ दाखवून सांगतं. उबंटूवर 'एपीटी' ने बसवा किंवा साइटवर मजकूर चिकटवा. चिकटवताना आत पासवर्ड नाहीत ना ते आधी पाहा. पहिल्याच दिवशी एससी२०८६ हा इशारा दिसेल. त्याचा अर्थ, व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं घाला. नाहीतर नावात जागा असलेल्या फाइलीचे शेल दोन तुकडे करतो आणि भलत्याच फाइलीवर काम होतं. प्रत्येक इशाऱ्यासोबत त्याचं स्पष्टीकरण असलेलं पान आहे, ते वाचा. ही पानं म्हणजेच एक चांगला कोर्स आहे. आणखी खोलात जायचं तर 'ग्रेग्ज विकी'वरचं 'बॅश पिटफॉल्स' पान घ्या. चुकीची ओळ, ती का चुकते आणि बरोबर कशी, असा त्याचा क्रम आहे.

पुसणाऱ्या स्क्रिप्टबद्दल मात्र जपून. आरएम ने गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. त्यात फोल्डरचं नाव व्हेरिएबलमधून येत असेल आणि ते रिकामं राहिलं तर भलताच फोल्डर जाऊ शकतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट डॅश-यू' लिहा, म्हणजे कधी न भरलेल्या नावावर काम थांबतं. आणि पहिल्या वेळी आरएम च्या आधी एको हा शब्द लावून चालवा. काय पुसलं जाणार ते नुसतं छापून येईल. यादी बरोबर दिसली तरच एको काढा.

१०. रोजचा वेळ आणि पुढची दिशा

रोज एक तास मिळत असेल तर चौथा आणि पाचवा टप्पा साधारण सहा आठवड्यांचे, आणि बँडिट त्यांच्यासोबत शनिवार-रविवारी. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या दुपारी डोकं चालत नाही आणि लॅपटॉपही तापतो, तास सकाळचाच ठेवा.

ऑफिसात सगळं विंडोजच असेल आणि लिनक्स कुणी बसवू देणार नसेल तर पॉवरशेल शिका. 'मायक्रोसॉफ्ट लर्न'वर त्याचे धडे मोफत आहेत. पाइपची कल्पना तीच, फक्त तिथे मजकुराऐवजी आधीच विभागलेली माहिती (ऑब्जेक्ट) पुढे जाते, त्यामुळे स्तंभ तोडायची कटकट कमी होते. बॅशची स्क्रिप्ट शंभर ओळींपुढे जायला लागली किंवा थेट एक्सेलच्या फाइली वाचायच्या असल्या तर पायथनकडे वळा. अल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' हे पुस्तक ऑनलाइन मोफत वाचता येतं आणि स्पोकन ट्युटोरियलवरही पायथनचा विषय आहे.

गावनिहाय बेरजेची स्क्रिप्ट रोज संध्याकाळी आपोआप चालवायची असेल तर क्रॉन वापरा. त्यात फाइलींचे पत्ते मुळापासून पूर्ण लिहा, कारण क्रॉन तुमच्या कामाच्या फोल्डरमधून सुरू होत नाही. विंडोजमधल्या उबंटूवर क्रॉन तेव्हाच चालतो जेव्हा ते उबंटू सुरू असतं. मशिन बंद असताना काम होणार नाही. तिथे विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून डब्ल्यूएसएल चालवणं जास्त भरवशाचं आहे.